कटर ओझं उचलत नाही

अण्णांनी जन्मभरात जेवढं म्हणून शिवलं, त्यातली सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे स्वतःच्या कमरेसाठी शिवलेला तो पट्टा. आणि दिसायला मेला इतका देखणा, की पहिल्या दिवशी आईसुद्धा त्याच्यावरून हात फिरवून म्हणाली होती, "काय बसलाय हो!"

बक्रमचे, म्हणजे कॉलरीत घालतात त्या कडक कापडाचे थर, मधे वेताच्या कांब्या, आतून जुन्या साडीचं मऊ अस्तर, पुढे आवळायला बंद. टाके असे बारीक, की शोधावे लागत.

आम्ही शिंपी. महाराष्ट्रातून कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज बंगळूरला आले असं सोयरा आत्या सांगते, आणि आल्यापासून आम्ही शिवतोच आहोत. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय सुईदोऱ्याचा. एक खांदा उतरता असलेला माणूस कोट शिवायला आला, तर अण्णा त्याला तसं तोंडावर कधीच सांगत नाहीत. त्या खांद्यात गुपचूप गादी जास्त भरतात. माणूस आरशासमोर उभा राहतो तो सरळ! घरी जाऊन कोट काढला की पुन्हा वाकडा, पण ते अण्णांच्या टेबलावरून दिसत नाही. हीच युक्ती त्यांनी स्वतःवर केली. कंबर उभी राहत नाही ना, मग बाहेरून उभी करा.

अण्णा कँटोन्मेंटात मानसिंग शेठच्या दुकानात कटर. दुकानात त्यांना रघुजी मास्तर म्हणतात. कटर म्हणजे दुकानातला राजाच. तो मशीनवर बसत नाही, इस्त्री करत नाही, कापडाचा तागा स्वतः उचलून आणत नाही. तागा त्याच्यापुढे कुणीतरी आणून उलगडायचा, आणि त्याने फक्त टेप, खडू आणि कात्री चालवायची. दिवसभर उभं राहून, टेबलावर ओणवं होऊन.

दसऱ्याच्या गर्दीत एका दुपारी ते कापडाच्या पलीकडच्या टोकापर्यंत वाकले आणि वर आलेच नाहीत. तसेच, टेबलावर हात टेकून, घामाघूम. दुकानातल्या लोकांनी त्यांना जटक्यात, म्हणजे टांग्यात, आडवं घालून आमच्या नगर्तपेठेतल्या घरी आणलं. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर दवाखाना आहे, तिथले डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, फळीवर झोपवा, हलू देऊ नका, ओझं उचलायचं नाही.

आईने माळ्यावरची फळी काढली. अण्णा तिच्यावर झोपले ते झोपलेच. आंघोळीपुरते उठायचे, ते पट्टा आवळून. दर आठवड्याला पट्टा सैल वाटायचा, की तो उसवून आत घ्यायचे आणि अजून घट्ट बांधायचे. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. पट्टा लहान होत गेला आणि आतले अण्णासुद्धा.

मला मात्र नेमका याच वर्षी असा काही हुरूप आला होता की विचारू नका. पाचवीपासून मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. यंदा थ्रोबॉलची कॅप्टन झाले, आणि शाळेच्या वार्षिक समारंभात सगळ्यांसमोर इंग्लिशमध्ये भाषण केलं, तेही पाय न कापता! मार्चमध्ये एस.एस.एल.सी.ची परीक्षा. पुढे कॉलेज. मी मनात सायकलसुद्धा कुठल्या रंगाची घ्यायची ते ठरवून टाकलं होतं.

आणि एका सकाळी सोयरा आत्या तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाली, "कौसल्ये, या नयनेला आता मशीनवर बसव."

आत्या अण्णांची थोरली बहीण. तिच्या बोलण्यापुढे आई गप्प बसते. पण त्या दिवशी बोलली. "परीक्षा आहे तिची, अक्का."

"परीक्षा! तिथं शेठनं टेबलावर नवा माणूस उभा केलाय. हुबळीकडचा. मल्लाप्पा का कोण. आज तात्पुरता म्हणतात, उद्या कायमचा होईल. तुझ्या एकटीच्या ब्लाउजांवर घर चालणार? पोरीचा हात बरा आहे. पाय पुरतायत मशीनला."

"पाय पुरतात म्हणून शाळा सोडायची?" मी म्हणाले.

"बघ, बघ. भाषण केल्यापासून हिची जीभ कात्रीसारखी चालते."

मी अण्णांकडे बघितलं. फळीवर छताकडे डोळे लावून पडले होते. त्यांनी ऐकलं होतं हे मला नक्की माहीत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर इस्त्रीची गंमत झाली. गंमत म्हणायची आपली, जळणारच होतं घर.

आमची इस्त्री कोळशाची. जाड लोखंडी, वर लाकडी मूठ, झाकणाच्या कडीवर पितळेचा छोटा कोंबडा. नुसती उचलायची तरी मनगट दुखतं. आई पुढच्या खोलीत एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला इस्त्री करत होती, आणि दारात दुधवाली आली म्हणून उठली. इस्त्री उभी करून ठेवायची ती ठेवली सतरंजीवर. मी मागच्या अंगणात होते. धुराचा वास आला म्हणून धावले तर काय, अण्णा! आंघोळ करून नुकतेच आलेले, पट्टा अजून बांधलेला नाही, ओलं धोतर. त्यांनी ती धगधगती इस्त्री उचलली होती आणि बोळातून अंगणाकडे चालत येत होते.

आमचं घर म्हणजे आगगाडीचा डबा, पुढून मागेपर्यंत एकच लांब बोळ. मी भिंतीला चिकटले आणि ते माझ्यासमोरून गेले. त्यांनी अंगणात इस्त्री दगडी डोणीच्या कठड्यावर ठेवली आणि मग एकदम आठवल्यासारखं कंबर धरून उभे राहिले.

"अय्यो, अण्णा!" मी ओरडले.

"ओरडू नको. पाणी मार सतरंजीवर."

पाणी मारलं, सतरंजीला भलं मोठं भोक पडलं, आत्याने आईचा उद्धार केला, सगळं झालं. पण मी एक बघितलं होतं. शिंप्याच्या पोरीला पाठमोरा माणूस दिसला की ती आधी पाठीवरची चुणी बघते. कापड नीट कापलेलं असेल आणि तरी पाठीवर तिरकी चुणी पडत असेल, तर वाकडा माणूस असतो. अण्णांच्या सदऱ्याच्या पाठीवर दसऱ्यापासून एक चुणी होती, खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी. पट्टा बांधला तरी असायची. इस्त्री हातात धरून चालताना ती नव्हती.

मी हे जेवताना सांगितलं.

"ओझं उचलून माणूस बरा होतो?" आत्या म्हणाली. "मग स्टेशनावरच्या हमालांना मुंबईत नेऊन डॉक्टर करा."

"बरा होतो असं मी म्हणत नाही, आत्या. सरळ दिसले म्हणते."

"जळायला लागलं की मेलेला पण सरळ होतो."

आई म्हणाली, "अक्का, जेवताना काय बोलता." आणि माझ्याकडे वळली. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, ओझं नाही म्हणून?"

"अण्णा, दुखलं का तुम्हाला?"

अण्णा म्हणाले, "चालताना नाही. ठेवल्यावर दुखलं." आणि लगेच, "पट्टा नव्हता म्हणून."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच दवाखान्यात गेले. आधीची मी असते तर दारातूनच परतले असते. मी सरळ पडद्याच्या आत गेले आणि म्हणाले, डॉक्टर, मी रघुजी मास्तरांची मुलगी, त्यांना तुम्ही फळीवर झोपवलंय.

डॉक्टर कानडीत म्हणाले, "इन्नू मलगिद्दारा?" अजून झोपूनच आहेत?

"हो. तुम्हीच सांगितलं होतं."

"अम्मा, मी दोन आठवडे म्हणालो होतो!"

"तुम्ही नाही म्हणालात."

"म्हणालो असणार," असं म्हणून ते थांबले. चष्मा काढून पुसला. "नसेन म्हणालो. पण कुणी विचारायला पण आलं नाही."

तेही खरंच. आमच्यात डॉक्टरला उलटं विचारत नाहीत. देवाला विचारतील, पण डॉक्टरला नाही.

मी पट्ट्याबद्दल सांगितलं. मग इस्त्रीबद्दल. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. त्यांनी मला कोपऱ्यातली औषधाची जड पेटी उचलायला सांगितली आणि एका हातात धरून चालायला लावलं. "कुठे ताण येतो?"

"दुसऱ्या बाजूला. कमरेवर."

"तेच. उचलणं वेगळं आणि धरून चालणं वेगळं. जमिनीवरून वाकून काहीही उचलायचं नाही. इस्त्री स्टुलावर ठेवायची, तिथून घ्यायची, स्वल्प चालायचं, परत स्टुलावर. कधी एका हातात, कधी दोन्ही. सावकाश. पायात मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, तर साकु, पुरे. तिथंच थांबवून माझ्याकडे आणायचं. आणि तो पट्टा काढा. सतत बाहेरून धरून ठेवलं की आतलं धरायला विसरतं."

"म्हणजे नक्की बरं होईल?"

"नक्की मी सांगत नाही. हे कुठं छापलेलं माझ्याकडे नाही. पण माणसाची फळी करून ठेवण्यापेक्षा बरं."

मला वाटलं होतं घरी जाऊन हे सांगितलं की अण्णा उठतीलच. मी तर बोळातून उड्या मारत गेले. त्यांनी सगळं ऐकलं, आणि कानडीत म्हणाले, "बेड." नको.

"का?"

"नको म्हटलं ना."

आई चुलीपाशी गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाले, "नयने, त्या दिवशी काय झालं माहीत आहे का? मला वाटलं, कुणीतरी मला मधोमध कापलं. वरचा तुकडा टेबलावर आणि खालचा जमिनीवर. पट्टा आहे तोवर दोन्ही तुकडे एकत्र आहेत. तू म्हणतेस तो सोड."

अण्णा घाबरलेले मी कधी बघितले नव्हते. मी नुसती त्यांच्या फळीपाशी बसून राहिले. शेवटी तेच म्हणाले, "दोन्ही हातांत धरायची, तर दुसरी इस्त्री कुठली आणणार?"

दुसरी माळ्यावर होती, आजोबांची. झाकण मोडलेलं, तारेने बांधलेलं. आईने दोन स्टुलं बोळाच्या दोन टोकांना ठेवली.

अण्णा चालले. पहिल्या दिवशी एका हातात एक, रिकामी, थंड, आणि अर्ध्या बोळापर्यंतच. चेहरा पांढरा. मी पुढे उलट्या पावलांनी चालत होते, जसं लहान मुलाला चालायला शिकवतात तसं. आत्या उंबऱ्यावर बसून बघत होती. "हमालाला मुंडासं द्या कुणीतरी! बाप कँटोन्मेंटचा कटर आणि लेक त्याला ओझी वाहायला लावते."

"आत्या, वाट सोडा."

"सोडते बाई. आगगाडी आली."

हळूहळू दोन्ही हातांत घ्यायला लागले. पट्टा आधी सैल, मग चालताना काढून खुंटीवर. दिवसाचा बराच वेळ ते फळीवरून उठून भिंतीशी उभे राहू लागले. रोज बरं होतं असं नाही. काही सकाळी थंडीने कंबर इतकी धरायची, की स्टुलापर्यंत जाऊन परत यायचे. मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि मी शाळेत गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचे. माझ्यामुळे त्यांचं काही कायमचं मोडलं तर? कॅप्टन म्हणून मी मुलींना सांगते, चेंडू हातात आला की विचार करू नका, फेका. इथं तसं नव्हतं.

आणि बरं चाललेलं असताना मानसिंग शेठ घरी आले.

शेठ वाईट नाहीत. येताना संत्री घेऊन आले होते. त्यांची गाडी रस्त्याच्या तोंडाशी थांबलेली बघून अण्णांनी जे केलं ते मात्र मी विसरणार नाही. त्यांनी खुंटीवरचा पट्टा ओढला, बंद दातांत धरून आवळले, वर सदरा, वर कोट. आई म्हणत होती, "अहो, कशाला?" त्यांनी ऐकलं नाही. शेठ आत आले तेव्हा अण्णा खुर्चीवर ताठ बसले होते, दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखे.

"अरे वा, मास्तर! एकदम फिट!" शेठ हिंदुस्तानीत बोलतात. "मी तर ऐकलं होतं झोपून आहात."

"आराम घेतला स्वल्प," अण्णा म्हणाले.

शेठ बसले ते बसलेच. नाताळ तोंडावर आला होता. कँटोन्मेंटातल्या सगळ्या साहेबांचे, मॅडमांचे सूट याच दिवसांत. चहा झाला, संत्री झाली. अण्णा हलले नाहीत. मग शेठ म्हणाले, "मास्तर, सरळ बोलतो. मल्लाप्पाला हुबळीच्या दुसऱ्या दुकानाचं बोलावणं आहे. तो विचारतो, कायम करता की जाऊ? त्याला मी सोमवारी उत्तर देतो म्हटलंय. तुम्ही सोमवारी येऊन टेबलाला उभे राहिलात, कापून दाखवलंत, तर टेबल तुमचं. नाहीतर मग मला त्याला ठेवावं लागेल. दोन कटर मला परवडत नाहीत."

"सरी, शेठ. बरं, येतो."

"हात जोडतो मास्तर, वाईट वाटून घेऊ नका."

शेठ गेले. अण्णा खुर्चीवरून उठायला गेले आणि उठता येईना. आई आणि मी मिळून त्यांना फळीवर नेलं. पट्टा सोडला तर कांब्यांचे वळ उठले होते कमरेवर. आत्याने तेल गरम करून आणलं. मग जाता जाता म्हणाली, अगदी हळू, "नयने, मी काही तुझी वैरीण नाही ग. पण मशीनला तेल घालून ठेव."

ते चार शब्द मला सगळ्यात जास्त लागले. कारण या वेळी टोमणा नव्हता.

सोमवारपर्यंत फार दिवस नव्हते. अण्णा दोन दिवस उठले नाहीत. मी डॉक्टरांकडे धावले. पाय बधिर नाही, मुंग्या नाहीत, म्हटल्यावर ते म्हणाले, परत थोड्यापासून सुरू करा, फार वेळ बसू देऊ नका. तिसऱ्या दिवशी अण्णा आपणहून उठले आणि इस्त्री घेतली. एकच. बोळ संपेपर्यंत चालले.

सोमवारी शाळेला नाताळची सुटी लागली होती, म्हणून आईने मला त्यांच्याबरोबर पाठवलं. निघताना अण्णांच्या कोटाची कंबर मला जरा जास्तच नीट दिसली. मी बोट लावून बघितलं. आत पट्टा.

"अण्णा!"

"आजच्या दिवस," ते म्हणाले. "उद्यापासून नाही."

बसमध्ये जागा असून ते उभेच राहिले.

दुकान आतून केवढं तरी मोठं. पुढे काच, आरसे, कोट घालून बघणारी माणसं. मधे ते टेबल, जुन्या सागवानाचं, खडूने पांढरं झालेलं. मागच्या बाजूला मशीनांचा खडखडाट आणि इस्त्रीवाले. मल्लाप्पा टेबलापाशी उभा होता. मी त्याला राक्षस समजत होते. होता आपला एक टक्कल पडत आलेला साधा माणूस. अण्णांना बघून त्याने कात्री खाली ठेवली आणि बाजूला सरकला. "बा, मास्तर," तो म्हणाला. या. दोन्ही हात मागे धरून उभा राहिला. त्याच्याही घरी कुणीतरी सोमवारची वाट बघत असणार, हे माझ्या तेव्हा प्रथमच मनात आलं, आणि मला ते नको होतं.

शेठनी काळं वूलन पसरायला लावलं. पुढच्या बाकावर ते ज्याचं होतं तो साहेब आपल्या बायकोबरोबर बसला होता. अण्णांनी टेप काढला, माप बघितलं, खडू घेतला. जवळच्या रेषा झरझर मारल्या. मग पाठीच्या भागासाठी पुढे वाकायची वेळ आली.

ते वाकलेच नाहीत. वाकता येईना. पट्टा पोटाला टोचत होता, कांब्या वर फासळ्यांत रुतत होत्या. हात पुरला तिथपर्यंत रेषा आली आणि थांबली. अण्णांनी टाचा उचलल्या. रेषा हलली. काळ्या कापडावर वाकडी पांढरी रेषा इतकी दिसते, की दुकानातल्या सगळ्यांना दिसली असणार.

मल्लाप्पा खाली बघत होता. शेठ मनगटावरचं घड्याळ बघत होते.

अण्णांनी खडू ठेवला. म्हणाले, "शेठ, पाच मिनिटं."

ते मागे गेले. मी पाठोपाठ. इस्त्रीवाल्यांच्या पडद्याआड त्यांनी कोट काढला, सदरा वर केला, आणि बंद सोडायला लागले. गाठ बसली होती. बोटांना ती सुटेना. ज्या बोटांनी आयुष्यभर सुईत दोरा ओवला, ती! मी पुढे होऊन गाठ सोडली. पट्टा गळून पडला तसे ते भिंतीला टेकले.

"अण्णा, घरी जाऊ या का?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला शाळा, कॉलेज, काही नको होतं त्या क्षणी. ते नुसते वाकडे उभे राहिलेले मला बघवत नव्हते.

ते इस्त्रीवाल्यांच्या फळीकडे बघत होते. तिथे दोन इस्त्र्या गार व्हायला ठेवल्या होत्या, कमरेइतक्या उंचीवर. त्यांनी दोन्ही हातांत एकेक घेतली. पडद्याआड चालायला जागा नव्हती. म्हणून ते पडदा ढकलून दुकानात गेले.

सगळ्या मशीन थांबल्या. कटर इस्त्री उचलतो? तीही दोन? अण्णा आरशांसमोरून दरवाज्याकडे चालत गेले, वळले, परत आले. सावकाश, श्वास सोडत, खांदे मागे.

"क्या मास्टर," एक जण मागून हसला, "हमाली शुरू?"

सगळे हसले. साहेबाची बायकोसुद्धा. माझे कान तापले. शेठ घाईने जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक बसलंय. हे काय चाललंय? माझा कटर ओझं उचलत नाही."

अण्णा थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "शेठ, या वेळेला हमाल म्हणा. कापायला उभा राहिलो की मास्तर म्हणा, म्हणजे झालं."

पुन्हा दरवाज्यापर्यंत, पुन्हा मागे. मी पाठ बघत होते. चुणी होती. मग कमी झाली. पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही.

त्यांनी इस्त्र्या फळीवर ठेवल्या, टेबलाशी आले, वाकडी रेषा बाहीने पुसली आणि वाकले. एक हात टेबलावर टेकून, गुडघे जरा सैल सोडून, कमरेतून न मोडता. कपाळावरून घाम खडूवर पडला. रेषा पलीकडच्या टोकाला पोचली. मग कात्री. वूलन कापतानाचा तो आवाज, करकर नाही, भरीव, सलग. मल्लाप्पाने पलीकडून कापड ताणून धरलं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

एक सूट झाला. दुसरा घेतला. दुसऱ्याच्या अर्ध्यावर अण्णा परत थांबले, परत इस्त्र्या घेतल्या. या वेळी कुणी हसलं नाही, पण कुणी बघणंही सोडलं नाही. दुसरा सूट संपला तेव्हा त्यांचे ओठ निळसर दिसत होते आणि शेठ गल्ल्यापाशी हनुवटी चोळत उभे होते.

"कापलंत उत्तम," शेठ म्हणाले. "पण दिवसभर?"

अण्णा खोटं बोलले असते तर चाललं असतं. मला वाटलं बोलतील. "दिवसभर नाही जमणार," ते म्हणाले. "आज तरी नाही."

शेठनी मल्लाप्पाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. "दुपारपर्यंत तुम्ही. दुपारनंतर हा, हा तयार असेल तर. आणि इस्त्र्या घेऊन फिरायचं ते मागे, गिऱ्हाइकांसमोर नाही."

"मागे जागा नाही, शेठ."

"मग जागा करा!"

मल्लाप्पा अर्ध्या दिवसावर राहील की हुबळीकडे जाईल, ते त्याने तिथं सांगितलं नाही. विचार करतो म्हणाला.

घरी येताना बसमध्येही अण्णा उभेच राहिले. आल्याबरोबर जमिनीवर पालथे पडले. आईने तेल आणलं, आत्याने दारातच विचारलं, "काय झालं?"

"अर्धा दिवस," मी म्हणाले.

"अर्धा." आत्याने तो शब्द जिभेवर फिरवून बघितला. "आणि उरलेला अर्धा? मशीनवर कोण बसणार?"

मी कोपऱ्यातल्या मशीनकडे बघितलं. तेल मी अजून घातलं नव्हतं.

अण्णांनी पालथ्या पालथ्याच हाक मारली. "नयने, परीक्षा कधी तुझी?"

त्यांनी हे यापूर्वी कधीच विचारलं नव्हतं.

"मार्चमध्ये."

त्यांनी गाल जमिनीला टेकवला, डोळे मिटले. आई कमरेवर तेल चोळत होती, आणि तिचा हात एका ठिकाणी गेला तसे ते कण्हले.

"मार्चपर्यंत मी उभा राहतो," ते म्हणाले. "तू बस अभ्यासाला."

मी पुस्तक घेऊन बसले. आई चोळत राहिली, आत्या तांदूळ निवडायला गेली. एप्रिलचं कुणी काही बोललं नाही.